मुक्काम सोलापूर

एखाद्या शहराची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर तें शहर आपला पाहुणा कोठें उतरवितें हें आधीं पहावें, असें मला वाटतें. पाहुणा ओटीवर बसतो, माजघरांत बसतो, कीं परसांतल्या खोलींत झोंपतो, यावरून घराचा दरवाजा कोणत्या बाजूस आहे आणि घरधन्याचें मन किती मोकळें आहे हें कळून येतें. शहराचेंहि तसेंच आहे. मात्र शहराचा दरवाजा काळाबरोबर हलतो. राज्य बदललें, आगगाडी आली, मोटार आली, कीं तो एक भिंत सोडून दुसऱ्या भिंतींत जाऊन बसतो. आणि त्याच्या मागोमाग धर्मशाळा, खानावळी व हॉटेलें हींहि आपली जागा बदलतात. सोलापुराच्या बाबतींत ही गोष्ट गेल्या आठशें वर्षांत निदान तीन वेळां घडली आहे. ती हकीगत, श्रोतेहो, आज मी आपणांस सांगणार आहें.

प्रथम आजचा मुक्काम पाहूं. मोटारीनें वा आगगाडीनें येणाऱ्या सुखवस्तु प्रवाशास आज सोलापुरांत चांगली खोली कोठें मिळेल असें विचारलें तर बहुतेक लोक दक्षिणेकडे बोट दाखवितील. होटगी रस्त्यावरील आसरा चौक, तेथील रुळांवरचा पूल, आणि पलीकडे विजापूर रस्त्यापर्यंत पसरलेली जुळे सोलापूर नांवाची वसाहत, हा तो भाग होय. गेल्या तीन-चार दशकांत येथें माळरानाचे भूखंड पडले, बंगले उठले, शाळा व दवाखाने आले. १९९२ सालीं शहराची हद्द वाढली आणि भोंवतालचीं खेडीं शहरांत सामावलीं. विमानतळ याच बाजूस, होटगी रस्त्यावर आहे. २०२३ सालीं जवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याचें उंच धुराडें विमानाच्या वाटेंत येतें म्हणून पाडण्यांत आलें, आणि २०२५ सालीं गोव्याकडे जाणारी विमानसेवा सुरू झाली. तेव्हां शहराचा दरवाजा सध्यां दक्षिणेस आहे याविषयीं शंका नको.

या हॉटेलांत उतरणारा पाहुणा काय करतो? तो पहाटे उठतो, स्नान करतो, आणि मोटारींत बसून निघून जातो. चाळीस किलोमीटरांवर अक्कलकोट, पंचेचाळीसांवर तुळजापूर, सत्तरांवर पंढरपूर, शंभरांवर विजापूर! स्वामी समर्थ, भवानी, विठ्ठल आणि गोलघुमट या चौघांच्या बरोबर मध्यावर सोलापूर आहे. मध्यावर असणें हें सोलापुराचें भाग्य खरें, पण तेंच त्याचें दुर्दैवहि आहे. कारण मध्यावरच्या गांवीं मनुष्य झोंपतो. पहावयास तो दुसरीकडे जातो. शेंगाचटणीचा एक पुडा आणि दोन चादरी एवढी खूण घेऊन पाहुणा घरीं परततो, आणि 'सोलापुरांत पहाण्यासारखें काय आहे?' असें कोणी विचारलें तर 'तसें कांहीं विशेष नाहीं' असें सांगतो. त्याला दोष कसा द्यावा? ज्या खोलींत तो निजला तेथून चार-पांच किलोमीटरांवर काय आहे हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें.

आतां पहिल्या मुक्कामाकडे वळूं. तो तळ्याच्या कांठीं होता.

बाराव्या शतकांत या ठिकाणीं सोन्नलगे नांवाचें एक लहान गांव होतें. सोळा गांवें मिळून सोलापूर झालें ही व्युत्पत्ति आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे, परंतु शिलालेखांचा पुरावा तिच्या बाजूचा नाहीं. कलचुरींच्या काळच्या लेखांत सोन्नलगे, यादवांच्या काळापर्यंत सोन्नलगी, मोहोळ तालुक्यांतील कामती येथें सांपडलेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखांत सोनलीपूर, आणि किल्ल्यांतील लेखांत सोनलपूर व संदलपूर अशीं रूपें मिळतात. बोलतां बोलतां त्यांचें सोलापूर झालें. सोळा आंकड्याची गोष्ट मागाहून कोणीतरी नांवावरून रचली असावी. लोकांना नांवाचा अर्थ हवा असतो, आणि तो सांपडला नाहीं तर ते तो करतात.

या सोन्नलगे गांवीं सिद्धराम जन्मले. त्यांना आपण सिद्धरामेश्वर म्हणतों. कल्याणच्या बसवेश्वरांचे ते समकालीन. कन्नड भाषेंत त्यांचीं वचनें आहेत, आणि पुढें राघवांक कवीनें त्यांचें चरित्र काव्यरूपानें लिहिलें. ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणास गेले व अनुभवमंटपांत त्यांना मोठा मान मिळाला. परंतु मला शाळेंत मुलांना सांगतांना जी गोष्ट नेहमीं विशेष वाटे ती निराळी. या योग्यानें आपल्या गांवीं पहिलें मोठें काम काय केलें? तर तळें खणविलें. अवर्षणाचा हा मुलूख. येथें पाण्याएवढें पुण्य दुसरें कोणतें असणार? लोकांनीं हातांत कुदळ घेऊन खणलेल्या त्या तळ्यामध्यें आज सिद्धेश्वराचें मंदिर उभें आहे, आणि तेथेंच त्यांची समाधि आहे. गांवाभोंवतीं पंचक्रोशींत त्यांनीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं असें परंपरा सांगते. एका अर्थानें ही शहराची पहिली आखणीच म्हणावयाची; कारण पुढें शहर जसजसें वाढत गेलें तसतशीं तीं रानांतलीं लिंगें पेठांत आणि गल्ल्यांत येऊन बसलीं.

दरवर्षीं संक्रांतीच्या वेळीं याच अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि गड्ड्याची यात्रा भरते. हिरेहब्बूंच्या वाड्यांतून सात उंच नंदीध्वज निघतात. पांढरी शुभ्र बाराबंदी घातलेले भक्त ते आळीपाळीनें पेलून नेतात. कथा अशी कीं, एका कुंभारकन्येनें सिद्धरामांना वरण्याचा हट्ट धरला. ते विरक्त; त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह करण्याची तिला अनुमति दिली. तो विवाह अजून दरवर्षीं तळ्याकांठच्या संमति कट्ट्याजवळ लागतो आणि हजारों लोक त्याला अक्षता टाकतात. दुसऱ्या दिवशीं होम होतो, म्हणजे ती कुंभारकन्या सती गेली असें मानतात. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे सारे त्या गर्दींत असतात, आणि अक्षता टाकतांना कोणाची भाषा कोणती हें कोणी विचारीत नाहीं. जुन्या काळचा यात्रेकरू या तळ्याच्या कांठीं उतरे, तेथेंच भाकरी खाई व तेथेंच झाडाखालीं निजे. त्याचा मुक्काम आणि त्याचें दर्शन यांत अंतर नव्हतें.

त्याच तळ्याला लागून पश्चिमेस भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळांत तो उभा राहिला आणि पुढें त्यांत भर पडत गेली. दुहेरी तट, भक्कम बुरूज, तीन बाजूंना खंदक, आणि पूर्वेच्या बाजूस खंदकाचें काम करणारें हें सिद्धरामांचें तळें! आंत एका प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत. त्यांचे कोरीव खांब पाहिले म्हणजे किल्ल्यापूर्वींचें सोन्नलगे डोळ्यांपुढें येतें.

या किल्ल्याची गंमत अशी कीं तो लढाईइतकाच लग्नांत गाजला. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास दिली. लग्न सोलापुरासच लागलें. सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें होतें असें निजामशहा म्हणे, आणि तसें कांहीं ठरलेंच नव्हतें असें आदिलशहा म्हणे. त्या एका आंदणावरून दोन्ही शाह्या चाळीस वर्षें भांडत राहिल्या. अखेर १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वीं, विजयनगराविरुद्ध एक होण्याकरितां, निजामशाहींतील चांदबिबी अली आदिलशहास दिली, आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापुराकडे गेलें. हीच पुढें अहमदनगरचा किल्ला लढविणारी चांदबिबी. ज्या शहरास आपण आज केवळ रात्रीचा थांबा समजतों तें एके काळीं दोन राजघराण्यांना एका कन्येच्या तोलाचें वाटत होतें!

थांबा म्हणूनहि सोलापूर जुनेंच आहे. विजापूर घ्यावयास निघालेल्या औरंगजेबाची छावणी १६८५-८६ मध्यें येथें बरेच महिने होती. दिल्लीचा बादशहा, त्याचा सारा सरंजाम आणि बाजार यांसह, विजापूरच्या वाटेवर सोलापुरास मुक्काम करून राहिला. आजचा प्रवासी गोलघुमट पहाण्यापूर्वीं येथें एक रात्र काढतो. बादशहानेंहि दुसरें काय केलें? पुढें १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें सोलापूर घेतलें आणि पेशव्यांचें या किल्ल्यावरील निशाण उतरलें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत जिल्ह्यांतल्याच अष्टी गांवीं बापू गोखले पडले होते. पेशवाईच्या उत्तरार्धांत लावणी आणि कीर्तन या दोन्हींत सारखाच रंगलेला शाहीर राम जोशी हा सोलापूरचाच. त्यानें हीं राज्यें मोडतांना पाहिलीं नाहींत, पण मोडण्यापूर्वींचा रंग मात्र भरपूर पाहिला.

दुसरा दरवाजा लोखंडाचा होता. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास आली आणि शहराचें तोंड तळ्याकडून स्टेशनाकडे वळलें. तत्पूर्वीं, १८५२ सालीं, येथें नगरपालिका स्थापन झाली होती. १८७७ सालीं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तीच लोकांच्या तोंडची जुनी मिल. शतक संपतां संपतां लक्ष्मी, नरसिंग गिरजी आणि मागाहून विष्णु अशा आणखी गिरण्या निघाल्या. पहाटेच्या भोंग्यावर घराघरांतील चूल पेटूं लागली. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागांत मागांचा खटखटाट सुरू झाला. ज्या जाड, दोन्ही बाजूंनीं उलटसुलट वापरतां येणाऱ्या नक्षीदार चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे, ती त्यांच्या हातची. नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेयाचा रथ हा त्यांचा उत्सव.

या दुसऱ्या काळांतील पाहुणा पहिल्याहून निराळा होता. तो दर्शन घेऊन परत जाणारा नव्हता. तो पोटासाठीं आला आणि राहिला. स्टेशनाच्या रस्त्यावर धर्मशाळा व खानावळी उठल्या. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटीभर आमटी यांवर गिरणीकामगारांच्या दोन पिढ्या वाढल्या. चार महिन्यांकरितां उतरलेला मनुष्य चाळींत खोली घेई, गांवाहून बायको आणी, आणि त्याचा नातू सोलापूरकर म्हणून शाळेंत नांव घाली. अशीं तेलुगू, कानडी, उर्दू व मराठी बोलणारीं मुलें एका बाकावर बसलेलीं मीं वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत. मधल्या सुटींत त्यांची जी पांचवी भाषा चाले ती कोणत्याच व्याकरणांत सांपडणार नाहीं. पुढें गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा थांबला, परंतु ज्यांना त्यानें येथें आणलें तीं माणसें येथेंच राहिलीं.

याच गिरण्यांच्या शहरानें १९३० सालीं असें कांहीं केलें कीं जें हिंदुस्थानांत इतरत्र क्वचितच घडलें. त्या वर्षीं ६ एप्रिल रोजीं नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढविलें गेलें. मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेची वार्ता येतांच शहर पेटलें. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूस लोक शिंदीचीं झाडें तोडावयास निघाले, गोळीबार झाला, माणसें पडलीं. संतापलेल्या जमावानें मंगळवार पेठेंतील पोलीस चौकी जाळली, तींत पोलीसहि प्राणांस मुकले. त्यानंतर कांहीं दिवस सरकारचा अंमल शहरांतून जणूं नाहींसा झाला होता आणि लोकांनींच बंदोबस्त चालविला. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला. हाच तो सोलापूरचा मार्शल लॉ. तो ३० जूनपर्यंत चालला. त्या दिवसांत राष्ट्रीय निशाण हातांत धरणें हाहि अपराध ठरला.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांस फांशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' पत्र चालविणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत ते फांशीं गेले. हीं चार नांवें एकापुढें एक मोठ्यानें वाचून पहा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चार जातिधर्म आणि एकच तारीख. सोलापूर म्हणजे काय याची व्याख्या याहून थोडक्यांत कोणास करतां येईल असें मला वाटत नाहीं. आणि तारीखहि पहा. १२ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचा तोंडावरचा दिवस. दरवर्षीं एकाच आठवड्यांत हें शहर चौघांच्या पुतळ्यांना हार घालतें आणि योगदंडाला अक्षता टाकतें. चार हुतात्म्यांचे ते पुतळे शहराच्या मध्यावर आहेत. तळें आणि किल्ला तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्या पाहुण्यापाशीं वेळ अगदीं थोडा असेल त्यानें निदान तेवढें चौकोनी अंतर तरी चालून पहावें.

जवळच अप्पासाहेब वारदांनीं बांधलेला इंद्रभुवन नांवाचा वाडा आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांतील त्याची नक्षी पहाण्यासारखी असून महानगरपालिकेनें पुढें तेथें आपलें कार्यालय थाटलें. आणि स्टेशनाच्या बाजूस, भैय्या चौकाकडे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें घर आहे. २०१२ सालीं तेथें स्मारक उघडण्यांत आलें. १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेला, युद्धांतील जखमींची सेवा करीत तेथेंच राहिला, तेथेंच त्याचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारला. चीनमधून येणारे पाहुणे त्या घराचा पत्ता विचारतात. ज्या शहरानें इतक्या परक्यांना जागा दिली त्याचा एक मुलगा परक्या देशीं पाहुणा म्हणून गेला आणि घरचा होऊन राहिला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. शांतारामबापूंच्या राजकमल कलामंदिरानें १९४६ सालीं डॉ. कोटणीसांवर आणि लगेच १९४७ सालीं शाहीर राम जोशींवर बोलपट काढले. लागोपाठ दोन वर्षांत एकाच गांवच्या दोन माणसांचें चरित्र पडद्यावर यावें, असें भाग्य किती गांवांना लाभलें असेल?

आतां पुन्हां दक्षिणेकडे, जुळ्या सोलापुराकडे येऊं. 'तिकडे इतिहास नाहीं, नुसते बंगले आहेत' असें जुन्या पेठांतील लोक थोड्या तुच्छतेनें म्हणतात, आणि नव्या वसाहतींतील लोकहि तें निमूटपणें कबूल करतात. दोघांचेंहि म्हणणें चुकीचें आहे. जुन्या शहराच्या वेशींपैकीं एकीचें नांव विजापूर वेस. त्या वेशीचें नांव ज्या राजधानीवरून पडलें तिच्याकडे जाणारा रस्ता याच वसाहतीच्या कडेनें जातो. चांदबिबीचें आंदण आणि औरंगजेबाची स्वारी हीं दोन्ही दक्षिणेच्याच दिशेनें गेलीं. म्हणजे आगगाडीनें जो दरवाजा दीडशें वर्षांपूर्वीं मागें टाकला होता तोच मोटारीनें पुन्हां उघडला आहे. त्याच रस्त्यावर रेवणसिद्धेश्वराचें देऊळ आहे. जुना कंबर तलाव, ज्याला आतां धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, तोहि तेथेंच आहे.

त्याच दिशेनें सुमारें चाळीस किलोमीटर गेलें कीं भीमा आणि सीना यांचा संगम लागतो. तेथील हत्तरसंग कुडल या ठिकाणीं चालुक्यकाळचीं मंदिरें आहेत. एका अखंड शिळेवर तीनशें एकोणसाठ शिवमुखें कोरलेलें लिंग तेथें आहे. आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख तेथेंच आहे. आपल्या भाषेचे जे अगदीं आरंभींचे लेख आज ठाऊक आहेत त्यांत त्याची गणना होते. जेथें कानडी आणि मराठी यांची शीव एकमेकींत मिसळते तेथेंच मराठी अक्षरानें दगडावर पहिलीं पावलें टाकावीं, हें सोलापूरच्या प्रकृतीला अगदीं साजेसें आहे. मराठीवर प्रेम करणारा मनुष्य सोलापुरास मुक्काम करतो आणि हा दगड न पहातां परततो, याचें मला फार वाईट वाटतें.

तेव्हां माझी सूचना अशी. जो पाहुणा सोलापुरास एक रात्र काढतो त्यानें दुसरी रात्र काढावी. सकाळीं उन्हें तापण्यापूर्वीं तळें आणि किल्ला. मग हुतात्म्यांचे पुतळे आणि इंद्रभुवन. दुपारीं कोणत्याहि साध्या खानावळींत बाजरीची वा ज्वारीची भाकरी. उन्हें कलल्यावर कोटणीसांचें घर, आणि संध्याकाळीं पूर्व भागांत एखाद्या मागावर चादर विणली जातांना पहावी. दुसऱ्या दिवशीं कुडल. पंढरीचा विठ्ठल अठ्ठावीस युगें उभा आहे. तो एक दिवस आणखी थांबेल.

परंतु पाहुण्याला सांगण्यापूर्वीं घरच्यांना सांगितलें पाहिजे. जुळ्या सोलापुरांत वाढणारीं आजचीं मुलें हुशार आहेत. पुण्यास, हैदराबादेस, परदेशीं जाऊन तीं नांव काढतील. पण त्यांपैकीं कितीजणांनीं किल्ल्यांतील खांबांना हात लावून पाहिला आहे? बाहेरगांवचा पाहुणा रस्ता विचारतो तो यांनाच. हॉटेलच्या दारांत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला, आंत बसलेल्या कारकुनाला आणि शेजारच्या बंगल्यांतल्या विद्यार्थ्याला जर चार हुतात्म्यांचीं नांवें सांगतां आलीं नाहींत, तर पाहुणा 'कांहीं विशेष नाहीं' असें म्हणाल्यास आपण रागावूं नये. आईबापांनीं एक रविवार यासाठीं काढावा. तिकिटाला लागणारे पैसे फार नाहींत, आणि तळें पहावयास तर कांहींच लागत नाहीं.

वसाहतीचें नांव ज्यानें कोणी ठेविलें त्यानें नकळत एक मोठें सत्य सांगून ठेविलें आहे. जुळें म्हणजे एकाच उदरांतून आलेलीं दोन लेंकरें. त्यांत एक थोडें आधीं येतें, एक थोडें मागाहून. पण आई दोघांची एकच. सिद्धरामांनीं ज्या लोकांकडून तळें खणविलें, गिरणीनें ज्यांना चाळींत आणलें, आणि ज्यांचीं चार मुलें येरवड्यास फांशीं गेलीं, त्यांचेंच हें मागाहून आलेलें लेंकरूं आहे. त्याला वेगळा इतिहास नाहीं हें खरें. वेगळा इतिहास त्याला नकोच; जो आहे तो अर्धा त्याच्याहि वाट्याचा आहे, आणि तो त्यानें मागून घेतला पाहिजे.